मूळ द्रावणाचा कस : ब्लीचिंग पावडरच्या विरलनाचा इतिहास

ज्या द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण जास्त असते ते संहत द्रावण, आणि त्यात पाणी मिसळून त्याचा कस हव्या त्या पातळीवर उतरवणे म्हणजे विरलन. विरलनाचे गणित एका साध्या तत्त्वावर उभे आहे. पाणी कितीही घातले तरी मूळच्या पदार्थाचे वजन बदलत नाही, आणि म्हणूनच मूळ द्रावणाचा कस व त्याचे आकारमान यांचा गुणाकार हा तयार द्रावणाचा कस व त्याचे आकारमान यांच्या गुणाकाराइतकाच यावा लागतो. या चार राशींपैकी तीन ठाऊक असल्या की चौथी काढायला शाळकरी त्रैराशिकही पुरते. असे असूनही गेल्या सव्वादोनशे वर्षांत कापड जळाले, जखमा चिघळल्या, गावेच्या गावे जुलाबाने आजारी पडली, आणि त्यामागे पुष्कळदा हे त्रैराशिक चुकल्याचे दिसते. पण चूक गुणाकार-भागाकारात क्वचितच होती. मूळ द्रावणाचा म्हणून जो कस हिशेबात धरला गेला तो खरा नव्हता, ही ती चूक होती. ब्लीचिंग पावडर, म्हणजेच विरंजक चूर्ण, आणि तिच्या कुळातील द्रावणे यांचा इतिहास हे जितक्या स्पष्टपणे दाखवतो तितके क्वचितच दुसरे रसायन दाखवत असेल, कारण ती बाटलीत किंवा पोत्यात पडल्या पडल्या आपला कस गमावत असतात.

हा नियम रसायनशास्त्राने शोधलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त सुवर्णगणित नावाचे एक प्रकरण आहे आणि त्यात वेगवेगळ्या वर्णाचे, म्हणजे वेगवेगळ्या शुद्धतेचे, सोने एकत्र आटवल्यावर मिश्रणाचा वर्ण किती होईल हे काढण्याची रीत सांगितली आहे. प्रत्येक तुकड्याचे वजन आणि त्याचा वर्ण यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी आणि तिला एकूण वजनाने भागावे, अशी ती रीत. तेथील उदाहरणात तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचे अनुक्रमे दहा, चार, दोन आणि चार मासे सोने घेतले आहे; गुणाकारांची बेरीज २४० येते, एकूण वजन २० मासे आहे, म्हणून मिश्रण बारा वर्णांचे ठरते. शोधनात हीण जळून वजन १६ माशांवर आले तर त्याच २४० ला १६ ने भागून वर्ण १५ येतो. भास्कराचार्यांचे उदाहरण येथे शुद्धीकरणाकडे जाते. तेच उलट दिशेने नेले आणि मूळच्या २० माशांत ४ मासे हीण मिसळले तर वजन २४ होते आणि वर्ण दहावर उतरतो. हे सरळ सरळ विरलन आहे, फक्त पाण्याच्या जागी शून्य वर्णाचा धातू आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे ही रीत तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात शिकवली जात होती असे मानायला जागा आहे. सराफाकडे मात्र एक सोय होती, जी पुढे रसायनाच्या कारखानदाराला कित्येक वर्षे मिळाली नाही. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून त्याला मूळ तुकड्याचा कस हिशेबाआधीच कळत असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात जवसाच्या धाग्याचे आणि सुती कापड पांढरे करण्याचे काम कुरणांवर चाले. कापड राखेच्या क्षारात उकळायचे, गवतावर पसरून आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवायचे, वर पाणी शिंपडायचे, मग आंबट ताकात बुडवायचे आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचे, यात उन्हाळ्याचा मोसम संपून जाई. शेले यांनी १७७४ मध्ये वेगळा केलेला क्लोरीन वायू रंग घालवतो हे हेरून बर्थोले यांनी १७८५ मध्ये त्याचा कापडासाठी उपयोग सुचवला, आणि महिन्यांचे काम तासांवर आले. पॅरिसजवळच्या जावेल येथील कारखान्याने हा वायू पोटॅशच्या द्रावणात शोषून ‘ओ द जावेल’ या नावाने विकायला सुरुवात केली. जेम्स वॉट यांनी ही कृती स्कॉटलंडमध्ये नेऊन ग्लासगोजवळच्या आपल्या सासऱ्यांच्या विरंजनशाळेत तिचा प्रयोग करून पाहिला.

गतीबरोबर धोकाही आला. गवतावरचे ऊन कापड जाळत नाही. क्लोरीनचे द्रावण जाळते. द्रावण कडक झाले तर धागा कुजल्यासारखा होऊन हाताने फाटतो, आणि पातळ झाले तर पिवळेपणा राहून सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक घाण्याला वायू किती निघाला आणि त्यातला पाण्यात किती मुरला हे कारागिराला दिसत नसल्यामुळे ‘एका बादलीला इतके पाणी’ असा ठोकताळा रोज वेगळे फळ देई. रूआँ येथे कापड विरंजनाचा व्यवसाय करणारे रसायनज्ञ देक्रुआझीय यांनी यावर उपाय काढला आणि १७९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. नीळ गंधकाम्लात विरघळवून, पाण्याने पातळ करून त्यांनी ठरावीक रंगाचे निळे द्रावण बनवले आणि खुणा केलेल्या काचेच्या नळीत विरंजक द्रावणाचे मोजके माप घेऊन ते किती निळ्या द्रावणाचा रंग उडवते हे पाहिले. जितकी नीळ अधिक फिकी पडली तितका द्रावणाचा कस अधिक. या उपकरणाला त्यांनी बर्थोले यांच्या सन्मानार्थ ‘बर्थोलिमीटर’ असे नाव दिले. एका द्रावणाचा कस ठाऊक असलेल्या दुसऱ्या द्रावणाने आकारमान मोजत काढण्याच्या या पद्धतीला आज अनुमापन म्हणतात, आणि तिच्या आरंभीच्या व्यवहारोपयोगी उदाहरणांत रूआँच्या या नळीला मानाचे स्थान आहे. प्रयोगशाळेतील अनुमापनाचा एक उगम कापड जळू नये म्हणून पाणी किती घालावे या कारखान्यातल्या प्रश्नात आहे, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणे यायला हवी.

देक्रुआझीय यांच्या रीतीत एक उणीव राहिली. नीळ ही शेतमालासारखी वस्तू होती. एका मळ्याची नीळ दुसऱ्या मळ्याच्या निळीसारखी नसे, आणि त्यामुळे मोजमापाचे मापच कमी-अधिक होई. दरम्यान मूळ द्रावणाच्या व्यापारात मोठा बदल घडला होता. ग्लासगोचे चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये विझवलेल्या चुन्याच्या कोरड्या भुकटीत क्लोरीन शोषवून विरंजक चूर्ण बनवण्याचे पेटंट घेतले आणि सेंट रोलॉक्स येथील त्यांचा कारखाना पुढे प्रचंड वाढला. आता विरंजनशाळेला स्वतः वायू बनवायची गरज उरली नाही. संहत माल पिंपांतून दूरवर पाठवता येऊ लागला आणि पाणी जागेवर घालायचे, अशी कामाची वाटणी झाली. ताज्या चूर्णात वजनाच्या सुमारे तेहतीस ते पस्तीस टक्के ‘उपलब्ध क्लोरीन’ असतो, म्हणजे रंग घालवण्याच्या किंवा जंतू मारण्याच्या कामी येऊ शकेल एवढा क्लोरीन. परंतु ओल, ऊब आणि उजेड लागताच तो कमी होत जातो. विकणाऱ्याच्या दारात जे चूर्ण पस्तीस टक्क्यांचे होते ते विकत घेणाऱ्याच्या कोठारात पंचवीसचे झालेले असे, आणि दोघांमध्ये तंटे होत.

हे तंटे मिटवू शकेल असे माप गे-ल्युसाक यांनी दिले. क्लोरीनच्या मोजमापावरच्या १८२४ मधील त्यांच्या लेखाने मोजनळ्यांची ब्युरेट आणि पिपेट ही नावे रूढ केली. निळीच्या द्रावणाचा कस त्यांनी निळीवर सोडला नाही, तर मोजून घेतलेल्या शुद्ध क्लोरीन वायूशी बांधला, आणि चूर्णाचा कस एका किलोमागे किती लिटर क्लोरीन मिळतो या अंशांत सांगितला. पुढे १८३५ मध्ये त्यांनी निळीला मापाच्या जागेवरून काढून आर्सेनियस आम्लाचे नेमक्या वजनाने बनवलेले द्रावण तेथे बसवले आणि निळीचे एकदोन थेंब केवळ शेवट दाखवण्यापुरते ठेवले. वजन करून विरघळवता येईल असा शुद्ध, टिकाऊ पदार्थ मापाचा आधार मानायचा हा विचार तेथून पक्का झाला. फ्रान्समध्ये हे क्लोरीनचे अंश विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत घरोघरी वापरात होते. तेथे जावेल पाण्याची पाव लिटरची संहत पिशवी ४८ अंशांची मिळे आणि ती एक लिटरच्या बाटलीत ओतून वर पाणी भरले की १२ अंशांचे घरगुती द्रावण तयार होई. ४८ गुणिले २५० आणि १२ गुणिले १००० हे दोन्ही गुणाकार १२,००० च येतात. पिशवीवर तारीख छापलेली असे, कारण ती जुनी झाली तर गुणाकारातले ४८ खोटे ठरत.

क्लोरीनची द्रावणे दवाखान्यात शिरली ती या मोजमापाला मागे ठेवून. लाबाराक यांनी १८२० च्या दशकात आतडी साफ करण्याच्या कारखान्यांची आणि शवागारांची दुर्गंधी घालवण्यासाठी सोड्याचे क्लोरीनयुक्त द्रावण वापरले. व्हिएन्नाच्या इस्पितळात झेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून प्रसूतिविभागातील डॉक्टरांना क्लोरीनच्या, आणि लवकरच स्वस्त पडते म्हणून चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेला मातांचा मृत्युदर जूनपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आला. हातांना येणारा प्रेताचा वास गेला की द्रावण पुरेसे कडक आहे, एवढीच तेथे कसोटी होती. हातांच्या कातडीला ती चालून गेली. उघड्या जखमेला ती चालणार नव्हती.

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी झालेल्या जखमांत शेणखताच्या मातीतले जंतू शिरून कुजण्याने सैनिक मरत होते. फ्रान्समधील काँपियेन्य येथे अलेक्सिस कारेल यांच्या इस्पितळात काम करताना ब्रिटिश रसायनज्ञ हेन्री डेकिन यांनी अनेक जंतुनाशके पारखली आणि १९१५ मध्ये सोडियम हायपोक्लोराइटवर ते स्थिरावले. त्याची मर्यादा अतिशय अरुंद निघाली. द्रावणात हायपोक्लोराइट ०.५ टक्क्याहून अधिक झाले तर कातडी आणि कोवळे मांस भाजते, आणि ०.४५ टक्क्याहून कमी झाले तर जंतू तगतात. शिवाय बाजारातल्या जावेल पाण्यात असतो तसा मोकळा क्षार उरता कामा नये. दहा लिटरच्या पिंपात केवळ पाच ग्रॅमचे हे अंतर सांभाळायचे, आणि तेही ज्याचा कस दर पोत्याला बदलतो अशा ब्लीचिंग पावडरीतून, ही कामगिरी युद्धभूमीमागच्या औषधनिर्मात्यांवर पडली. डेकिन यांच्या पहिल्या कृतीत चूर्णाचे एकच ठरावीक वजन सांगितले होते. ‘चांगल्या प्रतीचे चूर्ण’ एवढ्या शब्दांवर हा अरुंद पट्टा टिकणे शक्यच नव्हते.

ही कृती दोफ्रेन या फ्रेंच रसायनज्ञाने सुधारली, आणि या इतिहासातले सर्वांत शिस्तीचे विरलनाचे गणित बहुधा हेच आहे. पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून थोडी थोडी पावडर घेऊन एकत्र मिसळायची आणि तिच्यातील २० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून काही तास ठेवायची. त्याच्या १० मिलिलिटरमध्ये पोटॅशियम आयोडाइड आणि थोडे आम्ल घातले की पावडरीतला क्लोरीन आयोडीनला मोकळे करतो आणि द्रावण तपकिरी होते. मग त्यात ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेटचे डेसिनॉर्मल द्रावण, म्हणजे एका लिटरमध्ये एक-दशांश सममूल्यभार असलेले द्रावण, तपकिरी रंग पुरता जाईपर्यंत सोडायचे. जितके मिलिलिटर लागले त्याला १.७७५ ने गुणले की पावडरीतील क्लोरीनची टक्केवारी मिळते. हा आकडा वरवर पाहता गूढ वाटला तरी साध्या हिशेबातून आला आहे: डेसिनॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीनशी बरोबरी करतो, तपासायला घेतलेल्या १० मिलिलिटरमध्ये पावडर २०० मिलिग्रॅम आहे, आणि ३.५५ हे २०० चे १.७७५ टक्के होतात. कस कळल्यावर औषधनिर्मात्याने स्वतः भागाकार करायचा नाही, तर तक्ता उघडायचा. दहा लिटर द्रावणासाठी पावडर २० टक्क्यांची असेल तर २३० ग्रॅम, २५ टक्क्यांची असेल तर १८४ ग्रॅम, असे त्यात एकेका टक्क्याला वेगळे वजन दिलेले होते आणि सोड्याची वजनेही त्याच प्रमाणात बदललेली होती. दोन्ही ओळींतील कस आणि वजन यांचा गुणाकार केला तर क्लोरीन ४६ ग्रॅमच भरतो. ‘लीलावती’तील २४० या बेरजेप्रमाणे येथे ४६ ग्रॅम हा न बदलणारा आकडा आहे, आणि सगळा तक्ता त्याच्याच भोवती फिरतो. तयार द्रावण तापवायचे नाही, उजेडात ठेवायचे नाही आणि आठवड्याच्या आत संपवायचे, हे नियमही त्यासोबतच आले.

पिण्याच्या पाण्यात प्रमाण याहून कितीतरी खाली उतरते, टक्क्यांऐवजी दशलक्षांशांत, म्हणजे एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. इंग्लंडमधील मेडस्टोन येथे १८९७ च्या विषमज्वराच्या साथीत सिम्स वुडहेड यांनी नळांचे जाळे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुऊन काढले, लिंकन येथे १९०५ मध्ये ह्यूस्टन यांनी पाण्यात हायपोक्लोराइट सातत्याने सोडले, आणि अमेरिकेत १९०८ मध्ये जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात तेच केले. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनज्ञ असतो, ब्युरेट असते. वाटेत लागेल त्या डबक्यातून किंवा विहिरीतून पाणी घेणाऱ्या पलटणीकडे यांतले काही नसते, आणि तेथे अडचण दुहेरी होती: पावडरीचा कस ठाऊक नाही, आणि पाण्यातली घाण स्वतःच किती क्लोरीन गिळून टाकेल हेही ठाऊक नाही.

ब्रिटिश सेनेतील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांनी यावर जी युक्ती काढली तिच्यात विरलनाच्या नियमाचा सर्वांत हुशार वापर दिसतो. त्यांच्या पेटीत एक काळा पेला, सहा पांढरे पेले, दोन-दोन ग्रॅमचे दोन चमचे, थेंब सोडण्याच्या नळ्या, काचेच्या कांड्या आणि स्टार्च-आयोडाइडचे निदर्शक द्रावण असते. चमचाभर पावडर काळ्या पेल्यात घोटून खुणेपर्यंत पाणी घालायचे. हे मूळ द्रावण. पांढऱ्या पेल्यांत, प्रत्येकी २०० मिलिलिटर, जे पाणी शुद्ध करायचे आहे तेच घ्यायचे आणि काळ्या पेल्यातले द्रावण पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा थेंब सोडायचे. अर्ध्या तासाने प्रत्येकात निदर्शकाचे तीन थेंब घातले की ज्या पेल्यांत क्लोरीन शिल्लक उरला आहे ते निळे होतात. निळा झालेला पहिला पेला जर तिसरा असेल, तर १०० गॅलन, म्हणजे सुमारे ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागते. थेंबाचे आणि पेल्याचे माप असे जुळवले आहे की २०० मिलिलिटरमध्ये एक थेंब आणि ४५५ लिटरमध्ये एक चमचा यांतले प्रमाण एकच राहते. येथे पावडरीचा कस कोठेच काढलेला नाही, कारण तो काढावाच लागत नाही. जी पावडर टाकीत पडायची तीच पेल्यात पडली, म्हणून तिचा कस दोन्ही बाजूंना सारखाच येऊन हिशेबातून कटतो. देक्रुआझीय यांनी मूळ द्रावणाचा कस मोजण्याची वाट दाखवली होती. हॉरॉक्स यांनी तो न मोजता योग्य उत्तर काढण्याची वाट दाखवली. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत सामाजिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात हे उपकरण आजही शिकवले जाते.

महाराष्ट्रातील खेड्यांत ब्लीचिंग पावडर ‘टीसीएल’ या नावाने ओळखली जाते. ही मूळ चूर्णाची उष्ण प्रदेशासाठी बनवलेली जात, ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’. उन्हाळ्यात कस लवकर उतरू नये म्हणून तिच्यात कळीच्या चुन्याची भर घातलेली असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती विहिरीत आणि टाकीत टाकतो, आणि त्याच्या कामाची रीत दोफ्रेन यांच्या पिंपाची आठवण करून देण्याइतकी त्याच घराण्यातली आहे. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाण्याची उंची तीन मीटर असेल तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या सर्वसाधारण प्रमाणाने ९४ ग्रॅम टीसीएल लागते. ती कोरडी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात गुठळी मोडून तिची लापशी करायची, वर पाणी भरून ढवळायचे, पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवायचे आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून घ्यायची. तळाशी बसलेला चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते, म्हणून तो बाहेर टाकायचा. निवळीची बादली दोराने पाण्याच्या पातळीखाली सोडून वरखाली हिसडायची, म्हणजे द्रावण सगळीकडे पसरते. तासाभरानंतर ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून केलेल्या चाचणीत, जिला गावोगाव ‘ओटी टेस्ट’ म्हणतात, नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे.

नमुना पिवळा झाला नाही तर सामान्यतः दोष जलसुरक्षकाला लावला जातो, पण आकडे वेगळे काही सांगतात. तेहतीस टक्क्यांच्या ९४ ग्रॅम पावडरीतून ३७,७०० लिटरला लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, आणि पंधरा टक्क्यांवर उतरलेल्या तेवढ्याच पावडरीतून ०.४ मिलिग्रॅमही मिळत नाही; पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने तेवढा गिळला की तासाभरानंतर उरायला काहीच नसते. वजन बरोबर, विहिरीचे आकारमान बरोबर, तरीही पाणी असुरक्षित, असा हा प्रकार आहे. पत्र्याच्या छपराखाली उघड्या तोंडाचे पोते ठेवणारी व्यवस्था आणि सहा महिन्यांचा माल एकदम उचलणारी खरेदी यांचा त्यात जलसुरक्षकाच्या हातापेक्षा मोठा वाटा असतो.

२०२० च्या साथीत हेच गणित शहरांत परतले. सरकारी मार्गदर्शनात पृष्ठभाग पुसण्यासाठी एक टक्क्याचे सोडियम हायपोक्लोराइट सांगितले होते. पाच टक्क्यांच्या मूळ द्रावणातून ते करायचे तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालून एकूण पाच भाग करावे लागतात. ‘पाचपट’ हे शब्द ऐकून पाच भाग पाणी घातले तर द्रावण ०.८३ टक्क्याचे होते. ही चूक लहान आहे. दहा टक्क्यांचा म्हणून आणलेला कॅन उन्हात राहून सहा टक्क्यांवर आला असेल आणि त्यात लेबलाप्रमाणे नऊ भाग पाणी घातले असेल तर मिळते ०.६ टक्क्याचे द्रावण, आणि ही चूक मिसळणाऱ्याला दिसण्याचा कोणताही मार्ग नसतो. ती दिसते प्रयोगशाळेत, जेथे कॅनमधला किंवा पोत्यातला नमुना आजही पोटॅशियम आयोडाइडमध्ये घालून त्याचा तपकिरी रंग थायोसल्फेटने उतरवला जातो आणि ब्युरेटवरच्या आकड्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणून टक्केवारी लिहिली जाते.